होडी गळत नव्हती : जुन्या होडीत लाइव्हवेल बसवण्याचं एक प्रकरण

तक्रार अशी होती की होडी गळते. दिवसभर मासे धरून परत यावं तर बुडात पंधरा-वीस लिटर पाणी साठलेलं, आणि बिल्ज पंप, म्हणजे बुडातलं पाणी बाहेर फेकणारा पंप, वाटभर घरघरत असलेला. मालक माझा मित्र. सतरा फुटी, फायबरची, पंचवीसेक वर्षांची ही होडी त्याने जुनीच घेतली होती. आधीच्या मालकाने तिच्यात लाइव्हवेल, म्हणजे धरलेले मासे आणि आमिष जिवंत ठेवायची टाकी, स्वतःच्या हाताने बसवली होती. ती काठाजवळ तडकली. मित्राने तेवढ्याच मापाची, ९० लिटरची नवी टाकी आणली, ताशी ८०० गॅलनचा पंप आणला आणि मला फोन केला. "जुनं काढायचं, नवं बसवायचं. शनिवारी हात घातला तर रविवारी पाण्यात, नाही का?"

पाच शनिवार-रविवार गेले. त्यातले तीन नुसते वाळवण्यात.

गळतीचा शोध

जुनं काही सोडवण्याआधी मी एकच हट्ट धरला : आहे त्या अवस्थेत होडी पाण्यात उभी करून बघायची. बूड स्पंजने कोरडं पुसलं, सगळे पंप बंद ठेवले आणि तासभर गप्पा मारत बसलो. बुडात एक थेंब आला नाही. मग लाइव्हवेलचा पंप चालू केला. टाकी भरली, ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या, भोकापर्यंत पाणी चढलं, आणि त्यानंतर मिनिटभरात काठावरून डेकवर सांडायला लागलं. त्यातलं बरंचसं डेकच्या मोऱ्यांमधून बाहेर गेलं, उरलेलं बॅटरीच्या झाकणाच्या फटीतून बुडात. मित्र दोन वर्षं ज्या गळतीला शिव्या घालत होता ती त्याच्या स्वतःच्या पंपाने आत आणलेली होती. एवढंच की पंप चालू असताना तो नेहमी गळ टाकून पुढे बसलेला, त्यामुळे मागे काय चाललंय ते कधी दिसलंच नाही.

कारण सरळ होतं. पाणी आत यायची नळी पाऊण इंची, बाहेर जायचीही पाऊण इंची. कागदावर हिशेब बरोबर दिसतो : जेवढं आत तेवढं बाहेर. पण आत येणाऱ्या पाण्याला पंप ढकलत असतो आणि बाहेर जाणाऱ्याला फक्त स्वतःचं वजन. ओव्हरफ्लोच्या मध्यावर ५ सेंटिमीटर पाणी चढलं असेल तर ते सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने बाहेर पडू पाहतं. भोकाच्या कडेशी प्रवाह आकसतो, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या सहा दशांश धरायचं. १९ मिलिमीटर भोकातून तासाला सुमारे ६०० लिटर निघतात. नळी पूर्ण भरून वाहिली तर ती थोडं खाली ओढतेही, पण ओव्हरफ्लोत पाण्याबरोबर हवा शिरतेच, म्हणून त्या ओढीवर मी भिस्त ठेवत नाही.

आता आत किती येतं? पंपावर लिहिलेले ८०० गॅलन म्हणजे तासाला ३,००० लिटर; पण हा आकडा नळी न लावता, पाणी अजिबात वर न चढवता मोजलेला असतो. आम्ही पंपाची नळी टाकीच्या उंचीला धरून २० लिटरची बादली भरली. ३६ सेकंद लागले. म्हणजे तासाला २,००० लिटर. येणारं २,०००, जाणारं ६००. ओव्हरफ्लोच्या वर टाकीत जेमतेम वीस लिटरची जागा होती, ती पन्नास सेकंदांत भरते. डोळ्यांसमोर घडलं तेच आकड्यांत आलं.

मित्राने विचारलं, "मग भोक मोठं केलं की झालं?" मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

होडी कुठवर बुडते

बाहेर जाणारी नळी मागच्या उभ्या भिंतीतून, ट्रान्सममधून निघत होती. तिचं तोंड पाण्याच्या वर असायला हवं, आणि ट्रेलरवर होडी बघितली तर जुन्या शेवाळाच्या रेषेच्या चांगलं सहा सेंटिमीटर वर होतंही. पण शेवाळाची रेषा रिकाम्या, उभ्या होडीची असते. मासे धरायला जाताना त्यात दोन-तीन माणसं, भरलेली इंधनटाकी आणि भरलेली लाइव्हवेल असते.

म्हणून होडी पाण्यात सोडून आम्ही तिच्यावर नेहमीचा सगळा भार चढवला. टाकीच्या जागी १५ लिटरचे सहा कॅन पाण्याने भरून ठेवले, दोघं जण नेहमीच्या जागी बसलो, तिसऱ्याने बाहेरून मेणखडूने पाण्याची रेघ मारली. बाहेर जाणारं तोंड त्या रेघेच्या दीड सेंटिमीटर खाली निघालं.

सहाचे उणे दीड कसे झाले याचा छडा वजनकाट्यावर लागला. ट्रेलरसकट होडी तोलली, ट्रेलर वेगळा तोलला. मूळ पाटीवर लिहिलेल्या वजनात इंजिन आणि सामान धरूनही १३० किलो जास्त भरत होते. फरशीखाली तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. इतक्या वर्षांत त्याने पाणी पिऊन घेतलं होतं. फरशीला एक छोटं भोक पाडून फोमचा तुकडा काढला आणि मुठीत दाबला. बोटांमधून पाणी ओघळलं. या आकाराची होडी साधारण साडेपाच चौरस मीटर पाण्यावर टेकते, त्यामुळे दर ५५ किलोला ती एक सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे फोमातल्या पाण्याचेच अडीच सेंटिमीटर. वर टाकीचं पाणी, माणसं, आणि सगळा भार मागच्या बाजूला असल्याने मागचा भाग आणखी दबलेला.

बाहेर जाणारं तोंड पाण्याखाली गेलं की नळीतली हवा अडकते आणि ओव्हरफ्लो गटगट करत, थांबत थांबत वाहतो. ते एक वेळ परवडलं. पण त्या नळीला कॉक नव्हता. पाण्याखालचं भोक, कॉक नाही, आणि वर पंचवीस वर्षांपूर्वीची एक क्लिप. ती नळी सुटली असती तर मित्राची गळतीची तक्रार खरी ठरली असती.

फोम बदलावा का, यावर बरीच चर्चा झाली. त्यासाठी सगळी फरशी कापावी लागते, आणि मित्राची त्या हंगामात तेवढी तयारी नव्हती. मग हा भार आहे असं धरूनच पुढचं सगळं आखायचं ठरलं. मेणखडूची रेघ पुसून तिथे पक्क्या रंगाची रेघ मारली. पुढची सगळी मापं त्या रेघेपासून घेतली, ट्रेलरवरच्या शेवाळापासून नाही. जुन्या होडीत लाइव्हवेल बसवणाऱ्याने पंपाचा खोका उघडण्याआधी एवढं एक काम करावं, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

टाकीची जागा

मित्राला टाकी अगदी मागे, ट्रान्समला टेकून हवी होती. नळ्या आखूड पडतात म्हणून. पण मागे आधीच इंजिन, बॅटरी आणि इंधन. अगदी पुढे नाळेकडे ठेवावी तर लाटेवर नाळ सर्वांत जास्त आपटते, आणि त्या आपटण्यात मासे टाकीच्या भिंतींवर तोंडं फोडून घेतात. आम्ही ती मधल्या बाकाच्या मागे, होडीच्या मध्यरेषेवर बसवली.

टाकी ७० बाय ४० सेंटिमीटर. ती आडवी ठेवली असती तर बसायला सोयीची झाली असती. आम्ही तिची लांब बाजू होडीच्या लांबीत ठेवली, आणि त्याचं कारण पाण्याचं हेलकावणं. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी होडी कलते तिकडेच धावतं आणि तिला आणखी कलवतं. हा परिणाम किती लिटर पाणी आहे यापेक्षा ते किती रुंद पसरलंय यावर ठरतो, आणि रुंदीच्या घनाने वाढतो. या मापाची टाकी आडवी ठेवली तर लांबी घटूनही तो तिप्पट होतो. लांबीत एक उभी पडदी घातली असती तर चौथाईवर आला असता. पण त्यात आमिषाचे मासे फिरायला जागा उरत नाही. ते गोल गोल फिरत राहणारे, म्हणून कोपरे गोल असलेलीच टाकी घ्यावी. मित्राने तेवढं मात्र न सांगता नीट निवडलं होतं.

टाकीचा तळ थेट डेकवर ठेवला असता तर तो भरलेल्या रेघेच्या १४ सेंटिमीटर वर आला असता. बाहेर जायचं तोंड रेघेच्या १० सेंटिमीटर वर हवं, मधल्या नळीला सतत उतार हवा. चार सेंटिमीटरांत हे बसत नाही. नळी कुठेतरी पोटात झोळ खाणार आणि तळातलं पाणी पूर्ण निघणार नाही. मग टाकीखाली ८ सेंटिमीटरचा पाट केला. वजन तेवढं वर गेलं हे खरं, पण टाकी मध्यरेषेवर असल्याने मला चाललं. पाट फरशीच्या प्लायला नुसते स्क्रू मारून धरायचा नाही हे वेगळं सांगायला नको. खालच्या आडव्या-उभ्या फासळ्यांवर बोल्ट घेतले आणि प्रत्येक भोक आधी इपॉक्सीने, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेने, भरून मग पुन्हा पाडलं. उभी असताना शंभर किलो असलेली टाकी लाटेवर आपटताना शंभर किलो राहत नाही.

जुनं भोक

आता सर्वांत वेळखाऊ भाग. जुनं आत घेणारं फिटिंग ट्रान्समच्या खालच्या भागात होतं. त्याला आतून पितळेची एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लावलेली. मी पाना लावायच्या आधी नुसती हाताने हलवली, तर मोडून हातात आली. आतला भाग गुलाबी, बिस्किटासारखा भुसभुशीत. पितळेतलं जस्त समुद्राच्या पाण्यात विरघळत जातं आणि मागे नुसतं सच्छिद्र तांबं उरतं. बाहेरून रंग जवळजवळ तोच राहतो. पाण्याच्या रेषेखाली पितळ वापरू नये ते याचसाठी. तिथे कांस्य, बाजारात ज्याला गनमेटल म्हणतात ते, नाहीतर त्याच कामासाठी बनवलेलं काचतंतू मिसळलेलं नायलॉन. होडी ॲल्युमिनियमची असेल तर कांस्यही नको, कारण दोन धातूंच्या झटापटीत बळी ॲल्युमिनियमचा जातो, तिथे नायलॉनच.

ही एल्बो चालत्या होडीत मोडली असती तर? एक इंची भोक पाण्याखाली २५ सेंटिमीटरवर असेल तर त्यातून मिनिटाला सुमारे ३९ लिटर पाणी आत येतं, तासाला २,३०० लिटरच्या वर. होडीतला बिल्ज पंप ताशी ५०० गॅलनचा, म्हणजे कागदावरच १,९०० लिटर. मित्राने हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

फिटिंग काढल्यावर भोकाच्या कडेतून तपकिरी पाणी झिरपलं. ट्रान्सम म्हणजे दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवुडचं सँडविच. आधीच्या मालकाने भोक पाडून प्लायच्या उघड्या कडांना काहीच लावलं नव्हतं, वरून सिलिकॉन थापलं होतं. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो : चांगल्या ठिकाणी टणक आवाज, भोकाभोवती तळहाताएवढ्या भागात भद्द. मदतीला आलेले फायबरचे जुने मिस्त्री म्हणाले, "नशीब समजा. बोटभर कुजलंय. इंजिनाच्या बोल्टांपर्यंत गेलं असतं तर पूर्ण ट्रान्सम काढायला लागला असता."

कुजलेला भाग आतून कोरून काढला. मग वाळवण. बाहेरचं फायबर दोन दिवसांत कोरडं लागतं, पण प्लाय आतून ओला असतो आणि ओल्यावर इपॉक्सी धरत नाही. मोजायचं यंत्र नसेल तर सोपी युक्ती : भोकावर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. आम्हाला तीन आठवडे दव दिसत राहिलं. चौथ्या शनिवारी कागद कोरडा निघाला. मग इपॉक्सीत भिजवलेला नवा प्लायचा तुकडा, घट्ट केलेलं इपॉक्सी, आणि बाहेरून फायबरचे थर. भोकाच्या कडेला उतार देताना जाडीच्या बारा पट बाहेरपर्यंत घासत गेलो. सेंटिमीटरभर जाडीला चारी बाजूंनी बारा सेंटिमीटर. एवढ्याशा भोकासाठी एवढा मोठा खळगा बघून मित्राच्या पोटात गोळा आला, पण नुसतं बूच मारल्यासारखं भरलेलं भोक पहिल्या दणक्याला सुटतं. जुन्या सिलिकॉनचा अंश जिथे जिथे होता तिथे आधी सगळं खरवडून काढावं लागलं, त्यावर काहीच चिकटत नाही. पाण्याखालच्या कामाला मी सिलिकॉन हातात घेत नाही.

नवं भोक, कॉक आणि पंप

नवं भोक ट्रान्सममध्ये न पाडता बुडात पाडलं, जिथे प्लाय नाही, सलग फायबर आहे. ट्रान्समपासून फूटभर पुढे आणि मध्यरेषेपासून फूटभर बाजूला. इंजिनच्या पंख्याच्या थेट समोर पाडायचं नाही, कारण फिटिंगमागे उठणारे बुडबुडे पंख्यात शिरतात आणि त्याची पकड सुटते. खोली मोजणाऱ्या यंत्राच्या सेन्सरसमोरही नाही.

आतून १२ मिलिमीटर जाडीची इपॉक्सी-फायबरची पाटी आधाराला लावली, त्यावर तळाला पसरट बैठक असलेला सीकॉक, म्हणजे पाण्याखालचं भोक बंद करायचा कॉक. इथे बरेच जण एक चूक करतात आणि आधीच्या मालकाच्या खोक्यातही तिचं सामान सापडलं : आरपार फिटिंगवर थेट साधा बॉल व्हॉल्व्ह चढवणं. फिटिंगचे आटे सरळ असतात, साध्या व्हॉल्व्हचे निमुळते. दोन-तीन आटे फिरले की घट्ट लागतं आणि बसलं असं वाटतं. प्रत्यक्षात सगळा भार त्या दोन-तीन आट्यांवर. त्यावर पंप, नळी आणि कधीतरी कुणाचा चुकून पडलेला पाय. पसरट बैठकीचा सीकॉक भार बुडावर देतो, आट्यांवर नाही.

सीलंट पॉलियुरेथेनचं वापरलं, पण कायमचं धरणारं नाही. हे फिटिंग कधीतरी काढावं लागणार आहे. सुकायला आठवडा दिला.

पंप सेंट्रिफ्यूगल, म्हणजे स्वतः पाणी ओढून घेणारा नाही. त्याच्या पोटात आधीपासून पाणी असेल तरच ढकलतो. म्हणून तो पाण्याच्या रेषेखाली, सीकॉकवरच. तिथून टाकीपर्यंत तारेची गुंडाळी असलेली, आतून गुळगुळीत नळी, टाकीच्या वरच्या काठाशी फवाऱ्याच्या दांडीला. वरून पाणी सोडण्याचा फायदा दुहेरी : पाण्यात हवा मिसळते, आणि पंप बंद केल्यावर टाकीतलं पाणी त्याच नळीने उलटं समुद्रात निघून जात नाही. तळातून आत सोडलेलं पाणी हमखास जातं. पाण्याखालच्या प्रत्येक जोडावर दोन क्लिपा, अस्सल ३१६ स्टेनलेसच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या पोलादाच्या.

बाहेर जाणारी नळी दीड इंची. आधीच्याच हिशेबाने ३८ मिलिमीटर भोकातून तासाला सुमारे २,४०० लिटर निघतात. पंपाच्या २,०००ला पुरून थोडं उरतं. एक इंचीने हजारच्या आसपास निघाले असते, म्हणजे पुन्हा तोच सांडण्याचा खेळ. भोकावर जाळी लागतेच, नाहीतर आमिष बाहेर पळतं. पण जाळी आणि तिच्यावर अडकणारे खवले जागा खातात. म्हणून सपाट चकती न लावता बाहेर फुगलेली जाळी लावली, जिच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ नळीच्या तिप्पट भरतं.

पंप मोठाच होता, हे मोजल्यावर कळलं. ओव्हरफ्लोपर्यंत ही टाकी ९० नाही, ७० लिटर धरते. तासाला २,००० लिटर म्हणजे अठ्ठावीस वेळा पाणी बदलणं. सर्वसाधारणपणे सहा ते दहा वेळा पुरतं. एवढ्या प्रवाहात लहान मासे तासन्तास पोहत राहून दमूनच मरतात. ५०० गॅलनचा पंप पुरला असता, पण आणलेला परत कोण करणार? पंपाच्या पुढे, टाकीकडच्या बाजूला एक छोटा व्हॉल्व्ह घातला आणि बादली दोन मिनिटांत भरेल इतका बंद केला. तासाला ६०० लिटर. सेंट्रिफ्यूगल पंपाला पुढून आवळलेलं चालतं, उलट तो कमी वीज खातो. मागून, पाणी आत येण्याच्या बाजूने मात्र कधी आवळू नये. बाहेरची नळी तरी पूर्ण प्रवाहाच्याच मापाची ठेवली, कारण कधीतरी कुणीतरी तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडणारच.

विजेचं थोडक्यात. बॅटरीपासून स्विचमार्गे पंपापर्यंत ६ मीटर, जाऊन-येऊन १२. चार अँपिअरला जुन्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त गळत होता. अडीचची, कल्हई केलेल्या तांब्याची वायर टाकल्यावर तो तीन टक्क्यांच्या आत आला. फ्यूज बॅटरीजवळ, वीतभर अंतरात. बिल्ज पंपाची लाइन पूर्ण वेगळी. आधी दोन्ही एका फ्यूजवर होते. लाइव्हवेलच्या पंपात खवला अडकून फ्यूज उडाला असता तर बिल्ज पंपही गेला असता.

पहिली फेरी, आणि माझी चूक

होडी पाण्यात सोडून कॉक उघडला, पंप न लावता अर्धा तास प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला. सगळे कोरडे. पंप चालू केला, टाकी भरली, ओव्हरफ्लो शांतपणे वाहायला लागला. मित्र खूश. मग आम्ही निघालो, होडी पाण्यावर उचलली गेली, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास फवारा थुंकल्यासारखा झाला आणि थांबला. वेग कमी केला तरी पाणी येईना. पंप फिरतोय, पाणी नाही.

पंपाने हवा धरली होती. वेगात बुडाखालून फेसाळ पाणी जात होतं, त्यातली हवा पंपात शिरली. ती वर निघून जायला हवी होती, पण गेली नाही, कारण फासळीच्या मागून नळी फिरवताना मी तिला एक झोळ पडू दिला होता. झोळात पाणी अडून बसलं, आणि त्याच्या मागे हवा. फरशीखाली दिसत नव्हतं म्हणून मी ते पाहिलं नाही. पंपापासून टाकीपर्यंत नळी सतत चढतीच हवी हे मी स्वतःच मित्राला दोनदा सांगितलं होतं. त्याने ते मला ऐकवलं, अर्थातच. तात्पुरतं म्हणून इंजिन रिव्हर्समध्ये थोडं दिलं. फिटिंगवर पाणी आदळलं, हवा ढकलली गेली, पंपाने पकड घेतली.

कायमचे दोन उपाय केले. नळी सोडवून फासळीवरून नेली आणि दर फूटभरावर धरून ठेवली. आणि फिटिंगवर बाहेरून पुढे तोंड असलेली जाळीची टोपी बसवली, जी चालत्या होडीत पाणी कोंबते. हिचं तोंड चुकून मागे बसलं तर ती पाणी कोंबायच्या ऐवजी ओढून काढते. पुढे तोंड असलं तरी एक लक्षात ठेवावं लागतं : ताशी २५ किलोमीटरला तिच्यावर जवळपास अडीच मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब येतो. पंप बंद असला तरी कॉक उघडा म्हणजे टाकी भरत राहते. दुसऱ्या फेरीत तसं मुद्दाम करून बघितलं. आवळलेल्या व्हॉल्व्हमुळे ओव्हरफ्लोच्या वर पाणी दोनच सेंटिमीटर चढलं आणि तिथे थांबलं. त्यावरच माझं समाधान झालं.

आता सहा महिने झाले. बुडात फक्त लाटेचे शिंतोडे असतात. एका क्लिपेचा स्क्रू गंजला. पट्टा ३१६चा होता, स्क्रू नव्हता. ती बदलली, आणि आता क्लिप घेताना आधी स्क्रूला चुंबक लावून बघतो. मित्र दर फेरीला सीकॉक एकदा बंद-उघड करतो, नाहीतर तो जागीच धरून बसतो.

उन्हाळ्यात भर दुपारी काही मासे मेले. त्यात नळकामाचा दोष नव्हता : गोड्या पाण्यात २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसातच, आणि खाऱ्यात त्याहून कमी, शिवाय गरम पाण्यात माशांना तो जास्त लागतो. झाकण बंद ठेवणं, टाकीवर सावली करणं आणि दुपारी मासे कमी भरणं यावर भागतंय. मित्राला आता तेच पाणी फिरवणारा दुसरा पंप हवाय, गढूळ पाण्यात बाहेरचं पाणी बंद ठेवता यावं म्हणून. मी म्हटलं, फिरवलेल्या पाण्यात माशांच्या मलमूत्राचा अमोनिया साठत जातो, तासाभराच्या वर ते चालणार नाही. आणि आधी फरशी कापून तो फोम बाहेर काढ, मग पंपाचं बोलू. फरशी त्याने अजून कापलेली नाही. ट्रान्सममागे पक्क्या रंगाची रेघ आहे, तिसरा माणूस चढला की ती पाण्याखाली जाते, आणि मग मित्र त्याला उतरायला सांगतो.